थकव्याचा केसपेपर

मे महिन्यात आमच्या ओपीडीत पंख्यावरून भांडणे होतात. बाकावरचा प्रत्येक जण पंख्याखालची जागा धरायला बघतो. मागच्या उन्हाळ्यात अशाच एका दुपारी बेचाळीस वर्षांची एक बाई आत आली आणि बसता बसता म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तेवढा पंखा जरा कमी करता का?" बाहेर पारा त्रेचाळीसवर होता. तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला होता.

तिच्या पिशवीत चार वर्षांचे कागद होते. रक्तवाढीच्या गोळ्या, बी-१२ ची इंजेक्शने, कॅल्शियम, सांधेदुखीचे मलम, केस गळतात म्हणून आणखी काही गोळ्या. दोनदा सलाईनही लावून झाले होते. अशक्तपणावर सलाईन ही आपल्याकडची जुनी श्रद्धा आहे. एका चिठ्ठीवर औषधांच्या खाली 'टेन्शन घेऊ नये' असा सल्ला होता. तक्रार काय, असे विचारले तर ती म्हणाली, "काम उरकत नाही." पूर्वी दहाच्या आत स्वयंपाक, धुणे, भांडी आटोपून ती शेतावर जायची. आता दुपार होते. पायऱ्या चढताना दम लागतो, पोट साफ होत नाही, पाळीत फार जाते. घरात सगळे आळशी म्हणतात. थोडे थांबून ती म्हणाली, "आता मलाही तसंच वाटायला लागलंय."

चेहरा किंचित सुजलेला, पापण्या जड, भुवयांची बाहेरची टोके विरळ, आवाज घोगरा. नाडी मिनिटाला ५४. घोट्यामागच्या शिरेवर रबरी हातोडी मारली तर पाऊल झटकन खाली गेले, पण परत जागेवर यायला त्याने नको इतका वेळ घेतला. वैद्यकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ओळखता यावे असे हे चित्र होते. रक्ताच्या तपासणीत टीएसएचचा आकडा ऐंशीच्या पुढे आला. तो साधारण साडेचारच्या आत असायला हवा. चार वर्षांच्या त्या कागदांत ही तपासणी एकदाही नव्हती.

थायरॉईडला मराठीत अवटू ग्रंथी म्हणतात, पण हा शब्द आता पाठ्यपुस्तकापुरताच उरला आहे. बायका सरळ "मला थायरॉईड आहे" असे सांगतात. खरे तर थायरॉईड सगळ्यांनाच असते. गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनलिकेला बिलगून बसलेली ही वीसेक ग्रॅम वजनाची ग्रंथी आहे. अन्नातले आयोडीन वापरून ती एक संप्रेरक तयार करते आणि ते शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीला कामाचा वेग ठरवून देते. ते कमी पडू लागले की सगळेच मंदावते. हृदय सावकाश चालते, आतडी सुस्तावतात, कातडी कोरडी पडते, अंगात ऊब राहत नाही, पाळीचे गणित बिघडते, विचारही जड होतात. मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी हे सारे पाहत असते. थायरॉईड ढिली पडली की ती तिला जोर लावायला सांगते. तो निरोप म्हणजे टीएसएच. म्हणून थायरॉईड कमी काम करते तेव्हा टीएसएच वाढलेला दिसतो. "रिपोर्ट जास्त आलाय, म्हणजे माझं थायरॉईड वाढलंय" असे म्हणणाऱ्या निदान निम्म्या बायकांना हे उलटे गणित कोणी कधी समजावून दिलेले नसते.

हा आजार मुख्यतः बायकांचा आहे, हे वैद्यकाला दीडशे वर्षांपासून माहीत आहे. लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी १८७३ मध्ये या आजाराचे पहिले नेमके वर्णन केले, तेव्हा त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच 'प्रौढ वयातील स्त्रिया' असा उल्लेख होता. पुढे १९१२ मध्ये हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यचिकित्सकाने काही बायकांच्या थायरॉईडमध्ये पांढऱ्या पेशींची दाटी झालेली पाहिली. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच थायरॉईडवर उलटते आणि वर्षानुवर्षे ती पोखरत राहते, हे त्यामागचे कारण बऱ्याच नंतर कळले. आज आपल्याकडे मोठ्या माणसांत दिसणाऱ्या या आजाराचे हेच सर्वांत नेहमीचे कारण आहे. भारतातील आठ शहरांतल्या पाच हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात मुंबई आणि गोवाही होते. सुमारे ११ टक्के लोकांची थायरॉईड मंद निघाली. पुरुषांत हे प्रमाण पाच टक्के होते, तर बायकांत जवळजवळ सोळा. यातल्या जवळपास एकतृतीयांश लोकांना आपल्याला हा आजार आहे हे त्या पाहणीपर्यंत माहीतच नव्हते.

मिठाचा विषय इथेच उरकून घेतो, कारण तो हमखास निघतो. हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून केलेल्या अभ्यासाने आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे दाखवून दिले. त्यावरून १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. हे आपल्या सार्वजनिक आरोग्याचे मोठे यश आहे. पण हाशिमोतोचा आजार आयोडीनच्या कमतरतेने होत नाही, त्यामुळे मीठ वाढवून तो बरा होत नाही. उलट बाजूने एक नवी गोष्ट दिसते आहे. उपवासापुरते असणारे सैंधव आणि दुकानातले गुलाबी मीठ आता 'नैसर्गिक' म्हणून रोजच्या आमटीत आले आहे. त्यात पुरेसे आयोडीन नसते. घरात दिवस गेलेली सून किंवा लेक असेल तर रोजच्या डब्यात साधे आयोडीनयुक्त मीठच असू द्या.

आता मुख्य प्रश्न. तपासणी एका रक्ताच्या नमुन्याची, औषधाची एक गोळी अर्ध्या कप चहाहूनही स्वस्त, तरी त्या बाईची चार वर्षे का गेली?

एक कारण आजाराच्या स्वभावात आहे. तो एका रात्रीत येत नाही. ताप नाही, गाठ नाही, तीव्र वेदना नाही. रोज थोडेथोडे मंद होत गेलेल्या माणसाला आपण मंद झालो हे कळत नाही, आणि रोज पाहणाऱ्या घरच्यांनाही ते दिसत नाही. वर्षभराने माहेरी गेलेल्या मुलीला आईच चटकन विचारते, "अगं, तोंड असं का सुजलंय?"

दुसरे कारण आमच्या, म्हणजे डॉक्टरांच्या पदरात घालावे लागेल. केस गळतात म्हणून बाई त्वचेच्या डॉक्टरकडे जाते, पाळीत जास्त जाते म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, हाताला मुंग्या येतात म्हणून हाडांच्या डॉक्टरकडे, उदास वाटते म्हणून, गेलीच तर, मानसोपचारतज्ज्ञाकडे. प्रत्येकाला हत्तीचा एक एक अवयव सापडतो. रक्त कमी निघाले की आम्ही तिथेच थांबतो, कारण महाराष्ट्रात प्रजननवयातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमीच असते. थकव्याला एक कारण हाताशी आले की दुसरे शोधण्याची इच्छा उरत नाही. मंद थायरॉईडमुळे पाळीत रक्त जास्त जाऊ शकते आणि त्यातून रक्त कमी होऊ शकते, हे मग लोहाच्या गोळ्यांखाली झाकले जाते. कोलेस्टेरॉल वाढलेले दिसले की त्याची गोळी सुरू होते, तीही कधी कधी टीएसएच न पाहता. चाळिशीतल्या बाईच्या अतिरक्तस्रावावर गर्भाशय काढण्याचा सल्ला देण्याआधी फाईलमध्ये टीएसएचचा कागद आहे का, हे तिच्या नातेवाइकांनी जरूर विचारावे. विचारले म्हणून कोणत्याही समंजस डॉक्टरला राग येणार नाही.

आणि तिसरे कारण घराघरांत आहे. दमलेला पुरुष आला की त्याला पाणी देतात, बसायला सांगतात. बाईचे दमणे हे जणू तिच्या कामाचाच भाग मानले जाते. ती तक्रार म्हणून केसपेपरवर यायलाच फार वेळ लागतो.

हे लिहिण्याचा मला फारसा अधिकार नाही, हेही सांगितले पाहिजे. माझी मोठी बहीण दोन वर्षे मला फोनवर थकव्याबद्दल सांगत होती. पाय दुखतात, झोप संपत नाही, वजन वाढतंय. मी तिला म्हणायचो, "अगं ताई, पन्नाशी ओलांडलीस आता, रोज अर्धा तास चालत जा." ओपीडी संपवून थकून घरी आलेल्या डॉक्टरचे नातेवाइकांसाठी हे ठरलेले उत्तर असते. एका दिवाळीला तिचा फोन माझ्या पत्नीने घेतला आणि फोन ठेवल्यावर मला विचारले, "वन्संचा आवाज असा पुरुषी का झालाय? सर्दी नव्हती त्यांना." पत्नी डॉक्टर नाही. मी दुसऱ्याच दिवशी ताईला रक्त तपासायला पाठवले. टीएसएच साठच्या वर होता. आवाज जाड होणे हे पुस्तकातले लक्षण मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवतो. सख्ख्या बहिणीच्या बाबतीत मात्र ते माझ्या कानावर पडूनही मला ऐकू आले नव्हते. ताई अजून कधी कधी विचारते, "चालायला जाऊ का रे?"

तेव्हा कोणत्या बाईने ही तपासणी करून घ्यावी? विनाकारण थकवा महिनोन् महिने टिकला आहे आणि त्याच्या जोडीला थंडी सोसत नाही, नव्याने बद्धकोष्ठ झाला आहे, त्वचा कोरडी पडली आहे, पाळी बदलली आहे, आवाज जाड झाला आहे, यांतले काहीही असेल तर करावी. मूल राहत नसेल, गर्भपात झाले असतील, गळ्यापुढे सूज असेल, आई-बहिणीला थायरॉईडचा त्रास असेल, स्वतःला लहानपणापासूनचा मधुमेह किंवा कोड असेल, तर करावी. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात बाई फारच ओढल्यासारखी, रडवेली झाली असेल तर "बाळंतिणीचा अशक्तपणा" म्हणून सोडून देऊ नये. या काळात काही बायकांची थायरॉईड बिघडते. अनेकींची ती वर्षभरात आपोआप सुधारतेही, म्हणून त्यांना आयुष्यभराची गोळी लगेच चिकटवायची नसते.

याची दुसरी बाजूही मला तेवढ्याच जोराने मांडायची आहे, कारण शहरांत आता उलटा प्रकार वाढतो आहे. अमुक रुपयांत सत्तर तपासण्या अशी पॅकेजे निघाली आहेत. त्यात टीएसएच ५.८ येतो, अहवालावर तो ठळक अक्षरांत छापून येतो, आणि तिशीतली धडधाकट मुलगी "मला थायरॉईड झालं" म्हणून रडत येते. मघाच्या पाहणीत या सौम्य प्रकारचे, म्हणजे टीएसएच थोडा वाढलेला पण प्रत्यक्ष संप्रेरक पुरेसे असलेले, आणखी आठ टक्के लोक होते. त्यांतल्या पुष्कळांना औषधाची गरज नसते. ताप किंवा दुसऱ्या आजारातून उठताना आकडा तात्पुरता वर जातो. सत्तरीपुढे तो थोडा वर असणे हे बहुधा वयाचेच असते. म्हणून पहिल्या किंचित वाढलेल्या अहवालावर गोळी सुरू करू नये. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे, सोबत टी-४ पाहावे, गरज वाटल्यास प्रतिपिंडांची तपासणी करावी. टीएसएच दहाच्या पुढे टिकून असेल तर बहुतेक वेळा उपचार करावे लागतात. साडेचार ते दहाच्या मधली बाई ही आकड्यावरून नव्हे, तिच्याशी बोलून ठरवण्याची गोष्ट आहे. दिवस राहिलेली किंवा राहावेत म्हणून प्रयत्न करणारी बाई याला अपवाद. तिचे निकष वेगळे आहेत.

वजनाबद्दल स्पष्ट बोलतो. मंद थायरॉईडने वाढणारे वजन बहुतेकींत दोन ते पाच किलोंचे असते, आणि त्यातही बरेचसे अंगात साचलेले पाणी व मीठ असते. वीस किलो वाढले असेल तर त्याचा सगळा बोजा या बिचाऱ्या ग्रंथीवर टाकता येणार नाही. आणि थायरॉईड ठीक असताना वजन उतरवण्यासाठी ही गोळी घेणे धोक्याचे आहे. जादा गोळीने छाती धडधडते, हृदयाचा ठोका अनियमित होतो, हाडे ठिसूळ होतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी त्या थांबवाव्यात. काही यंत्रांवर बायोटिनमुळे थायरॉईडचे आकडे चुकीचे येतात आणि नसलेला आजार दिसतो किंवा असलेला लपतो.

उपचाराची गोष्ट मात्र वैद्यकातल्या आनंदाच्या गोष्टींपैकी आहे. १८९१ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क काढून तो ४६ वर्षांच्या एका बाईला टोचला. सुजून, सुस्तावून पडलेली ती बाई काही महिन्यांत चालू-बोलू लागली आणि पुढे २८ वर्षे जगली. त्या काळात तिला ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. आज त्याच संप्रेरकाची, लेव्होथायरॉक्सिनची, कृत्रिमरीत्या बनवलेली गोळी मिळते. शरीरात जे कमी पडले तेच बाहेरून द्यायचे, एवढाच हा उपचार आहे. त्यामुळे "गोळीची सवय लागते" या म्हणण्याला अर्थ नाही. चष्म्याची सवय लागते तसेच ते आहे.

मग इतकी सोपी गोळी चालत का नाही? कारण ती फार मानी आहे. तिला पोटात एकटे राहायला आवडते. सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही खाऊ-पिऊ नये, असे आम्ही सांगतो. सांगताना आम्ही विसरतो की आपल्या घरातली बाई पाच वाजता उठते आणि पहिल्यांदा चहाचे आधण ठेवते. तासभर चहाशिवाय राहायला सांगणे म्हणजे तिच्या दिवसातला एकमेव निवांत घोट काढून घेणे. ती गोळी चहासोबत घेते आणि आम्ही डोस वाढवत जातो. अशा बाईला मी सांगतो, रात्री झोपताना घे, जेवणानंतर तीन तासांनी. तेवढेच अंतर राखले तर रात्रीची गोळीही उत्तम चालते. रमजानच्या महिन्यातही हा पर्याय उपयोगी पडतो.

लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांपासून मात्र चार तासांचे अंतर हवेच. आमच्याकडे गरोदर बाईच्या हातात या तिन्ही गोळ्या एकाच वेळी पडतात, आणि विसरायला नको म्हणून ती तिन्ही एकदमच गिळते. लोह थायरॉईडच्या गोळीला पोटातच अडवून ठेवते. औषध देणाऱ्या खिडकीवर कोणी अर्धा मिनिट थांबून हे सांगितले, तर आमचे कितीतरी 'औषध लागू पडत नाही' असे रुग्ण कमी होतील. आम्ल कमी करणाऱ्या पित्ताच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांनीही ते डॉक्टरांना सांगावे.

उपवासाचे काय? चतुर्थी, एकादशी, नवरात्रात गोळी पाण्याबरोबर चालते. ती अन्न नव्हे. हरतालिकेसारखा निर्जळ उपवास कोणी करतच असेल आणि त्या दिवशीची गोळी राहिली, तर घाबरू नये. हे औषध शरीरात सात दिवसांत निम्मे होते, इतके ते सावकाश उतरते. दुसऱ्या दिवशी दोन घेतल्या तरी चालतात. हृदयाचा आजार असेल तर मात्र आधी विचारावे. एका दिवसाने काही बिघडत नाही. बिघडते ते श्रावणात महिनाभर "सगळीच औषधं बंद" ठेवल्याने.

बाटली गॅसच्या ओट्यावर किंवा खिडकीत ठेवू नये. उष्णता, दमट हवा आणि उजेड यांनी गोळी हळूहळू निकामी होते, आणि तिच्याकडे पाहून ते कळत नाही. शक्यतो एकाच कंपनीची गोळी चालू ठेवावी; बदललीच तर दीड-दोन महिन्यांनी टीएसएच पाहावा. डोस ठरवतानाही तेवढाच धीर लागतो. टीएसएच स्थिर व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी करणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. वय जास्त किंवा हृदयविकार असेल तर आम्ही पाव गोळीपासून, म्हणजे १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करतो. मंद हृदयाला एकदम पळायला लावायचे नसते.

पण या आजारात सर्वाधिक नुकसान कशाने होत असेल तर ते 'नॉर्मल' या शब्दाने. अहवाल नॉर्मल आला की बाई गोळी बंद करते. कधी शेजारीण सांगते, कधी औषध दुकानदार, कधी मुळापासून बरा करतो म्हणणारा कोणी. अहवाल गोळीमुळे नॉर्मल आला आहे, हे तिला सांगायचे आमच्याकडून राहून गेलेले असते. दोन महिने तिला काही होत नाही, म्हणून तिची खात्री पटते. सहा-आठ महिन्यांनी ती पुन्हा पदर ओढून बसलेली असते. काही वर्षांपूर्वी डिसेंबरच्या एका पहाटे साठी ओलांडलेल्या आजींना बेशुद्धावस्थेत आणले. अंग बर्फासारखे गार, नाडी चाळीसच्या आसपास, छातीत न्यूमोनिया. मुलगा सांगत होता, "थायरॉईड होतं, पण ते बरं झालं होतं. वर्ष झालं गोळी बंद करून." मंद थायरॉईडमुळे अशी बेशुद्धी येणे फार क्वचित घडते, पण घडले की अतिदक्षता विभागातही हात टेकायची वेळ येते. आम्ही आजींना वाचवू शकलो नाही. गोळी बंद करायला कोणी सांगितले, हे मी मुलाला विचारले नाही. त्याचा चेहरा पाहून विचारवले नाही.

गरोदरपणाचा प्रश्न याहून तातडीचा आहे. पहिले तीन महिने पोटातल्या बाळाची स्वतःची थायरॉईड काम करू लागलेली नसते. त्याच्या मेंदूची घडण होत असताना लागणारे संप्रेरक सगळे आईकडून जाते. आईकडे ते कमी असेल तर गर्भपात, वाढलेला रक्तदाब, अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण यांचा धोका वाढतो आणि बाळाच्या बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होऊ शकतो. जी बाई आधीपासून गोळी घेते तिने पाळी चुकताच, सोनोग्राफीची वाट न पाहता, डॉक्टरांना गाठावे. तिचा डोस साधारण पाव ते एक तृतीयांशाने वाढवावा लागतो. आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, असे सोपे गणित आम्ही सांगतो. आणि दिवस गेले की "आता कुठलंच औषध नको" म्हणून गोळी थांबवणारी घरे अजून आहेत. त्यांना हात जोडून सांगतो, ही गोळी बाळासाठीच आहे. अंगावर पाजतानाही ती चालते.

केंद्र सरकारने डिसेंबर २०१४ मध्ये गरोदरपणातील थायरॉईड तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत सर्वच गरोदर बायकांची नव्हे, तर धोक्यातल्या बायकांची तपासणी करावी, असे म्हटले आहे: ज्यांचे आधी गर्भपात झाले, ज्यांना मूल राहायला वेळ लागला, ज्यांच्या घरात थायरॉईडचा त्रास आहे, वगैरे. कागदावर हे ठीक आहे. पण नाव नोंदणीच्या दिवशी समोर पन्नास बायकांची रांग असते. सासूसमोर उभ्या असलेल्या सुनेला आधीच्या गर्भपाताबद्दल विचारले तर खरे उत्तर मिळेलच असे नाही, आणि आईला थायरॉईड आहे का हे तर अनेकींना माहीतच नसते. हिमोग्लोबिन आणि साखरेसाठी सुई टोचलीच आहे, तर त्याच रक्तात प्रत्येकीचा टीएसएच पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तोही पहिल्या नोंदणीलाच, पाचव्या महिन्यात नव्हे. तोवर वेळ बरीचशी गेलेली असते. नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन जन्मजात दोष शोधण्याची तपासणीही अशीच रेंगाळली आहे. गोव्याने २००८ मध्ये सरकारी रुग्णालयांत ती सुरू केली होती. आपल्याकडे बाळ खाजगी रुग्णालयात जन्मले की सरकारी, यावर ती होणे न होणे अवलंबून असू नये.

गोळ्यांचा पुरवठा हा शेवटचा मुद्दा. लेव्होथायरॉक्सिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तरी अनेक ठिकाणी ती पंधरा दिवसांची दिली जाते, आणि संपली की 'पुढच्या आठवड्यात या' असे सांगितले जाते. मजुरीवर जाणाऱ्या बाईला प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे मोडावे लागते. दोन फेऱ्या रिकाम्या गेल्या की ती येणे सोडते, आणि आम्ही केसपेपरवर लिहितो, 'रुग्ण नियमित नाही.' हे औषध वर्षानुवर्षे तेच राहते, डोस वर्षातून फार तर एकदोनदा बदलतो. मग एकदा डोस बसलेल्या बाईला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायला काय हरकत आहे? मागच्या उन्हाळ्यातल्या त्या बाईने हाच प्रश्न मला विचारला. दिवाळीनंतर ती आली तेव्हा तिचा टीएसएच तीनवर होता, कापूस वेचणी सुरू होती, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा यायला तिला खरोखरच सवड नव्हती. मी चिठ्ठीवर नव्वद गोळ्या लिहिल्या. खिडकीवरून तिला तीस मिळाल्या.